खेचरांची शिरगणती

माणसांच्या शिरगणतीची वार्ता आली की घरोघर तिची चर्चा होते. जनावरांच्या शिरगणतीची वार्ता मात्र वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि तेथेच विरून जाते. आपल्या देशात १९१९-२० सालापासून साधारणतः दर पाच वर्षांनी पशुगणना होत आली आहे. तिची विसावी फेरी २०१९ साली झाली. देशातील एकंदर पशुधन ५३ कोटी ५७ लाखांच्या वर भरले, म्हणजे मागील गणनेपेक्षा वाढलेच. पण याच तक्त्याच्या तळाशी एक लहानसा आकडा आहे आणि आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. २०१२ साली देशात खेचरे होती सुमारे १ लाख ९६ हजार. २०१९ साली ती उरली ८४ हजार. सात वर्षांत निम्म्याहून अधिक खेचरे कमी झाली.

‘झाली तर झाली, आम्हांस त्याचे काय?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. गाय, शेळी, कोंबडी यांच्या संख्येत निसर्गाचा वाटा असतो. दुष्काळ पडला तर ती घटतात, सुकाळ झाला तर आपोआप वाढतात. खेचराचे तसे नाही. ते आपल्या जातीची संतती निर्माण करू शकत नाही. प्रत्येक खेचर माणसाने मुद्दाम जन्मास घातलेले असते. म्हणून या एका प्राण्याच्या संख्येचा चढउतार हा निसर्गाचा इतिहास नसून माणसाच्या गरजांचा इतिहास होय. लढाया, रस्ते, सरकारी धोरणे, गरिबांची पोटापाण्याची साधने, या सर्वांची सावली त्या आकड्यावर पडलेली असते. ती वाचून पाहण्याचा आज प्रयत्न करू.

आधी जातकुळी सांगतो. बाप गाढव आणि आई घोडी असली म्हणजे होते ते खरे खेचर. याच्या उलट, बाप घोडा आणि आई गाढवी असली तर होणारी संतती अंगाने लहान व पैदाशीस अवघड. म्हणून तिची निपज जगभर थोडीच. आपल्या गणनेत या दोहोंना मिळून खेचर हा एकच रकाना आहे. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या पेशीत ६२. खेचराच्या वाट्यास ६३ येतात. या विषम संख्येची जुळणी होत नसल्यामुळे त्यास संतती होत नाही. तथापि आईकडून उंची व बळ आणि बापाकडून काटकपणा व पायांचा नेमकेपणा असा दुहेरी वारसा त्यास मिळतो. थोड्या चाऱ्यावर, खडकाळ वाटेवर, वीस-पंचवीस वर्षे ते ओझे वाहते.

हा प्राणी आपणांस परका नव्हे. संस्कृतात त्यास अश्वतर म्हणतात. पाणिनीने हा शब्द साधताना ‘तर’ प्रत्यय आधिक्याच्या नव्हे, तर उणेपणाच्या अर्थी घेतला आहे. वासरास वत्सतर म्हणतात त्याच नियमाने हा घोड्याहून काहीसा उणा, तो अश्वतर. ऐतरेय ब्राह्मणात देवांच्या शर्यतीची कथा आहे. तीत अग्नी खेचरींच्या रथातून धावला आणि त्याच्या दाहाने त्यांची कूस जळाली, म्हणून त्या वांझ राहिल्या, असे कारण सांगितले आहे. छांदोग्य उपनिषदात जानश्रुती राजा रैक्वाकडे ज्ञान मागण्यास जातो, तेव्हा गाई आणि हार यांच्याबरोबर खेचरी जुंपलेला रथही नजर करतो. म्हणजे त्या काळी हे वाहन राजाने भेट द्यावे इतक्या मोलाचे होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही गाढव व उंट यांच्या जोडीने त्याचा उल्लेख येतो. मराठीतील ‘खेचर’ हा शब्द मात्र हिंदी ‘खच्चर’ या शब्दाचा सोयरा दिसतो. संस्कृतात खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा, ग्रह किंवा पक्षी. त्याचा आणि या भूचर प्राण्याचा वास्तविक काही संबंध नाही. पण इतिहासाने तोही एकदा कसा जुळवून आणला, ते पुढे येईल.

महाराष्ट्रात खेचराचा प्रसार फारसा झाला नाही. याचे कारण आपल्या मुलखाच्या रचनेत आहे. कोकणातून घाटमाथ्यावर आणि घाटावरून देशात जाणारा माल शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून गेला. वंजारी-लमाणांचे तांडे शेकडो बैलांवर धान्य व मीठ लादून फिरत. फौजांचा दाणागोटाही तेच पुरवीत. स्वारीसाठी भीमा-नीरेच्या खोऱ्यातील तट्टे होती. ती लहानखुरी, पण दमदार असत. शिरूर तालुक्यातील ‘आलेगाव पागा’ या गावाच्या नावात आजही त्या घोडेशाहीची खूण उरली आहे. ओझ्यास बैल, स्वारीस तट्टू आणि वडार, कुंभार, परीट यांच्या दारी गाढव, अशी वाटणी ठरून गेली असता खेचराची जागा कोठेच रिकामी नव्हती. पुढे १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी चढली, तेव्हा तांड्यांचे बैलही मागे पडले.

मग खेचर आपल्या इतिहासात आले कोठून? ते आले पलटणीबरोबर. १८६७ साली हबसाण देशाच्या थिओडोर राजाने इंग्रज वकिलास व इतरांस कैदेत ठेवले म्हणून मुंबई लष्कराचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली मोठी मोहीम निघाली. मुंबई बंदरातून माणसे, तोफा, रसद आणि चव्वेचाळीस हत्तीही गेले. किनाऱ्यापासून मगदला किल्ल्यापर्यंतचा मार्ग सर्व डोंगराळ. तेथे गाडी चालणे अशक्य. तेव्हा इजिप्त, सिरिया, स्पेन, इटली अशा निरनिराळ्या देशांतून हजारो खेचरे विकत घेऊन झुला बंदरात उतरविण्यात आली. जनावरे आली, पण गोड्या पाण्याची पुरती सोय नव्हती, दावणी नव्हत्या आणि नाना देशांच्या हाक्यांची भाषा एकमेकांस कळत नव्हती. तहानेने आणि घोड्यांच्या साथीच्या रोगाने किनाऱ्यावर जनावरांचे खच पडले. १३ एप्रिल १८६८ रोजी मगदला पडला आणि विजयाच्या नौबती झडल्या. पण या मोहिमेचा खरा धडा हा, की जनावर विकत घेता येते, त्यास सांभाळण्याची व्यवस्था ऐन वेळी विकत मिळत नाही.

या व्यवस्थेच्या शोधात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. १८८० साली डेरा इस्माइलखान येथे ग्रिफिथ एव्हान्स नावाच्या पशुवैद्याने सर्रा या रोगाने आजारी पडलेल्या घोडे, उंट व खेचरे यांच्या रक्तात एक सूक्ष्म जंतू पाहिला. रक्तातील असा परोपजीवी जंतू रोगास कारण होतो, ही गोष्ट त्या वेळी वैद्यकास नवी होती. पुढे १८८९ साली जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी सरकारने प्रयोगशाळा काढली, ती पुण्यास, सायन्स कॉलेजच्या आवारात. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख होते आणि सर्रा हा त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय होता. हवेच्या व एकांताच्या सोयीसाठी १८९३ साली ती कुमाऊँच्या पहाडात मुक्तेश्वरास हलविण्यात आली. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हे त्याच रोपट्याचे झाड होय.

वायव्य सरहद्दीवरील लढायांनी खेचराची किंमत आणखी वाढविली. १८७९ च्या सुमारास एक नवी पहाडी तोफ प्रचारात आली. तिची नळी दोन तुकड्यांत असे. दोन खेचरांवर लादून ती डोंगरावर न्यायची आणि वर मळसूत्राने जोडायची. चाके, गाडा, दारूगोळा यांसाठी आणखी खेचरे. साध्या भारवाहू खेचराचे ठरलेले ओझे १६० पौंडांचे, म्हणजे जवळजवळ दोन मण. एवढी जनावरे परदेशांतून किती दिवस आणावयाची? म्हणून १९००-०१ साली घोडे व खेचरे यांच्या पैदाशीचा विचार करण्यासाठी एक कमिशन नेमण्यात आले. त्याचा परिणाम पंजाबात झाला. झेलम कालव्याच्या नव्या वसाहतीत सरकारने जमिनी दिल्या, त्या एका अटीवर: शेतकऱ्याने पैदाशीची घोडी पाळली पाहिजे. अशा कुळास घोडीपाल म्हणत. घोडी शेतकऱ्याची, नर सरकारचा आणि शिंगरू पसंत पडले तर लष्कराचे. गव्हाच्या शेतात खेचरांचे पीक काढण्याची ही युक्ती होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण येथे अक्षरशः खरी झाली. कारण या सर्व व्यवस्थेचा आधारस्तंभ होते ते सरकारी तबेल्यातील उमदे गाढव!

या पिकाची कापणी दोन महायुद्धांत झाली. २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले, तेव्हा कोहाट आणि जेकब या नावांच्या दोन हिंदी पहाडी तोफखान्यांची खेचरेही उतरली. पुढे आठ महिने पाणी, गोळे व भाकरी शत्रूच्या माऱ्याखाली वर चढविण्याचे काम हिंदी खेचरे व त्यांचे हाके करीत होते. १९३९ साली तर मौज झाली. ब्रिटिश लष्कराने सर्वत्र मोटारी आणल्या होत्या. पण फ्रान्समधील हिवाळ्याच्या चिखलात मोटारी रुतणार असे दिसताच त्यांना हिंदुस्थानची आठवण झाली. त्या डिसेंबरात खेचरांच्या चार तुकड्या मुंबईहून मार्सेयकडे रवाना झाल्या. १९४० च्या उन्हाळ्यात डंकर्कची माघार झाली. माणसे बोटींत चढली, जनावरे मागेच राहिली. एक तुकडी तर माणसांसह जर्मनांच्या हाती सापडली.

ब्रह्मदेशच्या युद्धाची हकीकत याहून विलक्षण आहे. मार्च १९४४ मध्ये जनरल विंगेट यांच्या चिंडिट फौजा विमानांतून जपानी फळीच्या पाठीमागे उतरविण्यात आल्या. त्यांच्याबरोबर खेचरेही विमानांत चढली. भूचर प्राणी त्या दिवसांत खरोखरच खेचर झाला! परंतु त्यापूर्वी त्याच्यावर एक शस्त्रक्रिया करण्यात आली होती. जंगलात ओरडून त्याने शत्रूस सुगावा देऊ नये म्हणून त्याच्या कंठातील स्वरतंतू कापण्यात आले. आपल्या कामासाठी एखाद्या प्राण्याकडून आपण किती घेतो, याचा हिशेब मांडताना हा प्रसंग विसरू नये.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. झेलम-चिनाबच्या वसाहती, घोडीपाल आणि त्यांच्या घोड्या पाकिस्तानात गेल्या. १९५१ च्या पशुगणनेत आपल्याकडे सुमारे ६० हजार खेचरे दिसतात आणि १९५६ साली तर ४० हजारच. लष्करी गरज ओसरली, पैदाशीचा प्रदेश गेला, मोटारी आल्या. तेव्हा आता हा प्राणी नामशेष होणार असे कोणासही वाटले असते. पण पुढील आकडे ऐका. १९६६ साली सुमारे ८० हजार, १९८२ साली १ लाख ३० हजार, १९९२ साली १ लाख ९० हजार आणि १९९७ साली २ लाख २० हजार. चाळीस वर्षांत पाचपटीहून अधिक! याच काळात गाढवे आणि घोडे मात्र घटत होते. १९५१ साली गाढवे १३ लाख आणि घोडे-तट्टे १५ लाख होती. १९९७ पर्यंत दोन्ही नऊ लाखांच्या खाली आली.

या वाढीची कारणे दोन. पहिले लष्करी. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर हिमालयातील ठाण्यांस रसद पोचविण्याची निकड उत्पन्न झाली. त्याच वर्षी आपल्या सैन्यात दाखल झालेली पेडोंगी ही स्पॅनिश खेचरी १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती सापडली आणि पाठीवरील ओझ्यासह स्वतःच्या पायांनी परत आली. १९८७ साली दिल्लीस निळ्या मखमली झुलीने तिचा सन्मान करण्यात आला. १९९९ च्या कारगिल युद्धातही उंच ठाण्यांवर दारूगोळा चढविण्यास खेचरेच उपयोगी पडली. दुसरे कारण मुलकी, आणि तेच मोठे. स्वातंत्र्यानंतर शहरे वाढली, शहरांस विटा लागल्या आणि उत्तरेकडील वीटभट्ट्यांवर कच्च्या विटा वाहण्यास गाढवापेक्षा जास्त ओझे नेणारे जनावर हवे झाले. तसेच पहाडी तीर्थांची गर्दी वाढली. केदारनाथास किंवा वैष्णोदेवीस जाऊन आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ज्यास ‘घोडा’ म्हणून भाडे दिले, ते पुष्कळ वेळा खेचरच असते. तात्पर्य, सरकारने सोडलेले खेचर गरिबाने हाती धरले. पलटणीतून ते भट्टीवर आणि यात्रेच्या वाटेवर आले.

यानंतर उतरण लागली. २००३ साली सुमारे १ लाख ८० हजार, २००७ साली १ लाख ३७ हजार, मग २०१२ साली एकदम १ लाख ९६ हजार आणि २०१९ साली ८४ हजार. खेडोपाडी रस्ते झाले, तीनचाकी टेंपो व ट्रॅक्टर आले, भट्ट्यांवर यंत्रे आली. हे सर्व खरे आहे. परंतु श्रोतेहो, येथे थोडे थांबून गणित करणे अवश्य आहे. जे जनावर वीस-पंचवीस वर्षे जगते, त्याची संख्या पाच वर्षांत शेकडा ४३ ने वाढावी आणि पुढील सात वर्षांत शेकडा ५७ ने घटावी, हे केवळ जन्ममृत्यूने सहज घडणारे नव्हे. मोजणी घरोघर जाऊन होते; खेचराचा धनी मात्र पाऊस सरला की बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जातो, नाही तर यात्रेच्या हंगामात पहाडावर असतो. त्याच्या गावच्या घरास कुलूप आणि भट्टीवर त्याचे घर नाही. मोजणारा त्या दिवशी कोठे गेला, यावर त्या जनावराचे कागदावरील अस्तित्व अवलंबून राहते. उतरण खरी आहे, यात शंका नाही. पण ती किती खरी हे ठरविताना गणनेत सर्वांत सहज निसटणारा वर्ग तोच, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आणि जे मोजले जात नाही त्यास लस मिळत नाही, औषध मिळत नाही, पाण्याचे टाकेही मिळत नाही. २००६ साली ग्लँडर्स हा घोडावर्गाचा घातक रोग देशात पुन्हा उद्भवला, तो आपल्याच महाराष्ट्रात. अशा वेळी कोठे किती जनावरे आहेत, याची नोंद हाच पहिला उपाय असतो.

याहून चिंतेची गोष्ट गाढवांची आहे. २०१९ साली देशात गाढवे उरली सुमारे १ लाख २४ हजार. १९५१ साली वीसाहून अधिक गाढवांमागे एक खेचर होते. आता तीन गाढवांमागे दोन खेचरे आहेत. म्हणजे फळे पुष्कळ आणि झाडे थोडी. पौष पौर्णिमेस जेजुरीस भरणारा गाढवांचा बाजार ज्यांनी पाहिला असेल, त्यांस या व्यवहाराचा आवाका ठाऊक आहे. वडार, कैकाडी, कुंभार, बेलदार असे अनेक समाज तेथे येतात. काठेवाडातून उमदी जनावरे येतात. अशा बाजारांतील उलाढाल ओसरली, तर एका जनावराबरोबर दात पाहून वय सांगण्याची, नर पारखण्याची आणि पाठ न सोलता ओझे बांधण्याची विद्याही जाईल. तिकडे चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून होणाऱ्या औषधास मागणी इतकी वाढली, की २०२४ साली आफ्रिकेतील राष्ट्रांच्या संघास कातड्यासाठी गाढवे मारण्यावर बंदीचा ठराव करावा लागला.

१५ जानेवारी २०२५ रोजी सेनादिनाचे संचलन प्रथमच पुण्यात, खडकीच्या मैदानावर झाले. त्यात चार पायांची यंत्रे कवाईत करीत गेली. त्यांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळविली की ‘म्यूल’, म्हणजे खेचर, हाच शब्द होतो. यंत्रास चारा नको, ते तहानेने मरत नाही आणि त्याचा कंठ कापावा लागत नाही. एका मुक्या जिवाच्या पाठीवरील ओझे उतरत असेल, तर त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. ज्या केदारनाथच्या वाटेवर २०२२ सालच्या यात्रेत अतिश्रमाने अनेक जनावरे दगावली, तेथे त्यांची संख्या व ओझे आटोक्यात आणणे हेच माणुसकीचे आहे.

परंतु यंत्र पुढे आले म्हणून जनावराच्या धन्यास मागे ढकलून चालणार नाही. ज्या कुटुंबाचे भांडवल म्हणजे एक खेचर, त्याचे खेचर गेले तर त्याच्या हाती टेंपो येत नाही. त्याच्या डोक्यावर पाटी येते. खेचराची संख्या घटते तेव्हा तेवढी ओझी नाहीशी होत नसतात. काही यंत्रावर जातात आणि काही माणसाच्या पाठीवर परत येतात. त्यांची मोजदाद कोणत्याच गणनेत नाही.

म्हणून मला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, फिरत्या कुटुंबांच्या जनावरांची मोजणी त्यांच्या गावी नव्हे, तर भट्टीवर, बाजारात आणि यात्रेच्या वाटेवर व्हावी. दुसरी, खेचर राखावयाचे तर घोडी आणि गाढव राखले पाहिजे. हिसार येथे १९८५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे काम करीत आहे. हालारी, कच्छी व स्पिती या गाढवांच्या जातींची नोंद झाली आहे. आपल्या भीमथडी घोड्यासही अलीकडे स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली आहे. या नोंदी कागदावर न राहता गोठ्यात दिसल्या पाहिजेत. ज्यास स्वतःचा वंश नाही त्याचा वंश आपणच चालविला, आपल्या गरजेसाठी. गरज सरत आली असता, उरलेल्या ८४ हजारांस सुखाने म्हातारे होऊ देणे आणि त्यांच्या धन्यांस दुसरे साधन मिळवून देणे, हे त्या जुन्या हिशेबातील आपले देणे आहे.